मामा हलके होत गेले तेव्हा

मित्रांनो, छापखान्याच्या कटिंग विभागात शिरलात की दाराच्या डाव्या अंगाला एक लोखंडी गडी उभा दिसेल. डोक्यावर गोल तबकडी, पायाशी चौकोनी पाटा, आणि अंगावरचा हिरवा रंग जागोजागी उडालेला. तोच मी. मी एक जुना वजनकाटा आहे. लोक माझ्या मानेवर छत्र्या अडकवतात, पाट्यावर बूट ठेवून नाडी बांधतात आणि माझ्याकडे न बघता निघून जातात. पण मी तक्रार करायला तोंड उघडलेले नाही. मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. ती माझ्याइतकी जवळून कुणीच पाहिलेली नाही, म्हणून मीच सांगतो.

आधी थोडे माझ्याबद्दल. माझे अंग ओतशाळेत घडले. माझ्यातली स्प्रिंग ज्या कारागिराने बसवली, तो फार चिकट माणूस होता. चिकट म्हणजे कामाला चिकट. वजने चढव, उतरव, काटा शून्यावर येतो का बघ, नाही आला तर सगळे खोलून पुन्हा बसव. त्याच्या शेजारचे कारागीर तेवढ्या वेळात आपले काम उरकून चहा पिऊन येत. माझा काटा एकदाचा बिनचूक शून्यावर येऊन थांबला, तेव्हा त्याने माझ्या काचेवरून फडके फिरवले आणि म्हणाला, "जा आता. कुणाची भीड ठेवू नकोस." मी ती आजतागायत ठेवलेली नाही.

तिथून मी या छापखान्यात आलो. पाठवणी विभागात माझी नेमणूक झाली. शाळांची पुस्तके इथे छापली जात, त्यांचे गठ्ठे बांधले जात आणि प्रत्येक गठ्ठा माझ्यावर चढून मगच गाडीत जाई. मला गठ्ठे मनापासून आवडत. गठ्ठा आहे तेवढाच भरतो. तो श्वास रोखत नाही, पोट आत ओढत नाही, एक पाय हळूच जमिनीला टेकवत नाही. असले प्रकार जगात असतात हे मला तेव्हा माहीतच नव्हते. दर वर्षी वजनमापाचे निरीक्षक येत, आपली वजने माझ्यावर ठेवून बघत आणि माझ्या कडेला शिक्का मारत. पाठवणीचे प्रमुख त्यांना चहा देताना माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, की आमच्याकडे माणसे चुकतील, हा चुकणार नाही. असे कुणी बोलले की माझा काटा उगाच थोडा थरथरे.

मग एक दिवस पाठवणीत बोटभर जाडीचा नवा काटा आला. त्याचे आकडे लाल दिव्यांनी उजळत. मला ढकलत ढकलत कटिंग विभागाच्या दाराशी आणले आणि तिथेच सोडले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण जागा चांगली मिळाली. समोर कटिंग मशीन, उजवीकडे सगळ्यांचे जेवणाचे टेबल आणि पाठीमागे कागदाच्या रिळांची रांग. विभागातले काहीच माझ्या नजरेतून सुटत नसे.

आता मामांची ओळख करून देतो. ते कटिंग मशीन चालवत. सगळा छापखाना त्यांना मामा म्हणे, मॅनेजरसाहेबसुद्धा. शिवलेल्या पुस्तकाच्या तीन कडा ओबडधोबड असतात. पुस्तकांची चळत मशीनवर ठेवायची, हातांनी ठाकठीक करायची, पायाने खालचे पेडल दाबले की वरून लोखंडी दाब येऊन चळत घट्ट धरतो, मग दोन्ही हातांनी दोन बटणे दाबायची, की पाते खाली येते. बटणे दोन अशासाठी, की पाते येताना हात बाहेरच राहावेत. पण दाबाला असले काही बंधन नाही. तो पायाच्या हुकमात असतो. हात आत असताना पाय पडला, तर बोटांचा भुगा. त्यामुळे या मशीनवर माणसाचे डोके ठिकाणावर लागते. मामांचे होते. इतकी वर्षे त्या मशीनवर काढून त्यांची दहाही बोटे शाबूत होती आणि नव्या माणसाला ओळख करून देताना ते आधी हात वर करून बोटे दाखवत.

आणि मामांचे जेवण हा बघण्याचा कार्यक्रम होता. दुपारचा भोंगा झाला की ते हात धुऊन, बाह्या दुमडून टेबलाशी बसत, डबा उघडत आणि आधी नुसता वास घेत. मग शेजाऱ्याच्या डब्यात डोकावत. मग शेजाऱ्याच्या शेजाऱ्याच्या. जेवताना ते जेवणाखेरीज दुसऱ्या कशावर बोलत नसत. मामींच्या हाताची तारीफ करत एकेक घास खात आणि शेवटी पावाच्या तुकड्याने डबा असा पुसून काढत, की तो घासायचे मामींना काही कामच उरू नये.

दुसऱ्या होत्या बारीकबाई. त्या मुद्रिते, म्हणजे छपाईची प्रुफे तपासत. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत त्यांचे टेबल होते, पण नव्या पुस्तकाची पहिली कापलेली प्रत तपासायला त्या खाली येत. बारीकसारीक चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे म्हणून हे नाव पडले. अंगाने त्या चांगल्या भरदार होत्या, आणि त्यामुळे नावाला आणखी रंगत आली. या नावाला सगळ्यांत आधी हसल्या असतील तर त्या स्वतः. मामांचे आणि त्यांचे चांगले जमे. पहिली प्रत हातात देताना मामा विचारत, "बघा बाई, काही सापडतंय का?" आणि बाई म्हणत, "तुमच्या कापण्यात नाही सापडत, छापण्यात बघते."

असे सगळे ठीक चालले होते. मग ती बातमी आली. बातमी कसली, कुजबुज. मॅनेजरसाहेब फोनवर कुणाशी तरी बोलताना ड्रायव्हरने अर्धवट ऐकले, की शिवण, कटिंग, सगळी बांधणी बाहेरच्या कंत्राटदाराला देणार आणि मुद्रितेही म्हणे संगणकच तपासणार. खरे की खोटे, कुणाला ठाऊक नव्हते. धाडस करून कुणी साहेबांना विचारले, की ते चष्मा पुसत म्हणत, "अजून काही ठरलेलं नाही." पुढच्या आठवड्यात विचारले तरी तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. जेवणाच्या टेबलावर पूर्वी गलका असे, तिथे आता फक्त डब्यांची झाकणे वाजू लागली. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

त्याच सुमारास छापखान्यात आरोग्य तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचे रक्तदाब मोजले आणि साहेबांना सांगितले, की तुमच्या लोकांची वजने जरा आवरा. साहेब मनाने वाईट नव्हते. लोकांचे लक्ष दुसरीकडे वळेल, थोडी गंमत होईल, असा विचार करून त्यांनी वजन घटवण्याची स्पर्धा जाहीर केली. शाळेच्या पुस्तकांचा हंगाम संपेपर्यंत जो सर्वांत जास्त वजन उतरवेल, त्याला घरच्यांसमोर बक्षीस. पाठवणीचा दिव्यांचा काटा तर सारखा कामात. मग कुणाला तरी माझी आठवण झाली. माझी धूळ पुसली, सांध्यांत तेल घातले, कागदाची सीलबंद रिमे ठेवून मला पडताळून पाहिले. मी तसूभर चुकलो नव्हतो. इतक्या दिवसांनी कुणी आपल्याकडे आकडा विचारायला येणार, या आनंदात मी पहिल्या सोमवारची वाट पाहिली.

मित्रांनो, त्या पहिल्या सोमवारी मला माणूस कळला. स्पर्धेत वजन उतरवायचे, म्हणजे सुरुवातीला ते जितके जास्त दिसेल तितके चांगले, हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरी गुपचूप केला होता. छपाईच्या मशीनवरचा गडी खिशात भला मोठा पाना घालून आला. ड्रायव्हर तांब्याभर पाणी पिऊन डुलत डुलत चढला. पॅकर उकाड्यात दोन जाकिटे चढवून घाम पुसत उभा होता. प्रत्येकाने दुसऱ्याचे ओळखले होते आणि कुणीच बोलत नव्हते. बारीकबाई चष्मा काढून चढल्या आणि म्हणाल्या, निदान हा तरी धरू नका. मामा मात्र बूट काढून, खिसे रिकामे करून, गठ्ठ्यासारखे सरळ उभे राहिले. ते भरले तेवढेच भरले. पण आपण सगळ्यांनी केले ते मामांनी केले नसेल, यावर कोण विश्वास ठेवणार?

मग सोमवारमागून सोमवार गेले. पाना निघाला, जाकिटे उतरली, पाणी कमी झाले, आणि पहिल्या खेपेला सगळ्यांची वजने छान घटली. पुढे ती जागच्या जागी अडली. फक्त दोघांचा काटा हलत राहिला. बारीकबाई चढल्या की तो थोडा पुढे जाई आणि मामा चढले की थोडा मागे. बाई उतरताना लोक तोंडावर हात धरत. मामा उतरताना टाळ्या पडत.

"मामा, पहिल्या दिवशी खिशात मशीनचं पातं घालून आला होता काय?" ड्रायव्हर विचारी, आणि टेबलावर हशा पिके. मामाही हसत. हसताना त्यांच्या गालांत खड्डे पडू लागले होते. सगळे म्हणत, काय टवटवीत दिसता मामा, दहा वर्षांनी लहान झालात. एवढी माणसे, पण काय खाता, कसे खाता, खाता तरी का, हे एकानेही विचारले नाही. आकडा उतरला म्हणजे माणूस चांगला, चढला म्हणजे वाईट, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. मी आकडा दाखवत होतो. तो का बदलतो आहे हे सांगायला माझ्या तबकडीवर खूण नव्हती, आणि याचे मला तेव्हा फार वाईट वाटे.

कारण मला दोघांचेही दिसत होते. बाईंना साहेबांनी बाजूला घेऊन समजावले होते, की थोडे मनावर घ्या. त्यांनी घेतले. दुपारच्या डब्यात नुसती काकडी आणू लागल्या. पण वरच्या मजल्यावर साहेबांचा फोन वाजला, की थोड्याच वेळात बाई जिना उतरून माझ्या पाठीमागे रिळांच्या आड येत आणि पदराआडून बिस्किटांचा पुडा काढत. त्यांना भूक लागलेली नसे. भुकेला माणूस चावून खातो, बाई गिळत. पुडा संपला की कागदाची बारीक घडी करून मुठीत धरत, डोळे पुसत आणि वर जात. एकदा त्या स्वतःशीच पुटपुटल्या, की तोंडात काही असलं की तेवढा वेळ डोकं गप्प बसतं.

आणि मामा दुपारच्या भोंग्याला डबा घेऊन उठत, ते टेबलाकडे न येता मागच्या दाराने बाहेर जात. गोदामामागची कुत्री त्या दिवसांत चांगली गुटगुटीत झाली. मग मामा परत येऊन टेबलाशी नुसता चहा घेत आणि सांगत, सकाळीच घरून भरपेट खाऊन आलो, आता जागा नाही. त्यांच्या कमरेचा पट्टा सैल झाला, तेव्हा त्यांनी पुस्तके शिवायच्या दाभणाने त्याला नवे भोक पाडले. पुढे आणखी एक पाडले. भोक पाडताना त्यांनी इकडेतिकडे पाहून घेतले. मी दिसलो नाही, कारण मला कोण मोजतो?

मित्रांनो, काळजी एकच होती. तीच बातमी, तेच साहेब, तेच "अजून ठरलेलं नाही". पण ती बाईंच्या पोटात भूक होऊन बसली आणि मामांच्या पोटात दगड होऊन. काळजीला माणसाच्या पोटात शिरायला दोन वाटा आहेत, हे मी त्या हंगामात शिकलो. गठ्ठ्यांमध्ये राहून हे मला कधी कळले नसते.

मग ते पुस्तक आले. भूगोलाचे होते. मामांनी पहिली चळत कापली, वरची प्रत टेबलावर ठेवली आणि बाई ती बघायला खाली आल्या. त्यांनी पहिले पान उलटले, दुसरे उलटले, मग पुस्तक मिटून पुन्हा उघडले. पानांचे आकडे अर्धे कापले गेले होते. नकाशांची एक कडच नाहीशी झाली होती. चळत किती आत सरकवायची ते ठरवणारी मागची पट्टी भलत्याच खुणेवर लावून मामांनी अख्खी चळत वाया घालवली होती. असे या मशीनवर मामांच्या हातून कधी झाले नव्हते.

बाई पुस्तक घेऊन मशीनकडे वळल्या आणि जागीच थांबल्या. मामा दुसरी चळत सारखी करत होते. त्यांचे दोन्ही हात दाबाखाली होते, डोळे मिटलेले होते आणि अंग हळूहळू पुढे झुकत होते. पाय पेडलवर टेकलेला होता. बाई एरवी सावकाश चालणाऱ्या, पण त्या दिवशी ते अंतर त्यांनी कसे कापले ते मला सांगता येणार नाही. त्यांनी मामांचे मनगट धरून मागे ओढले आणि पाठोपाठ दाब धप्पकन खाली आला. मामांनी डोळे उघडले. समोरच्या दाबाकडे बघितले, मग आपल्या हातांकडे.

बाईंनी त्यांना आणून माझ्या पाट्यावरच बसवले, कारण जवळ तीच जागा होती. मामा इतके हलके लागले, की माझी स्प्रिंग कुरकुरलीसुद्धा नाही. मग बाईंनी विचारले, "शेवटचं कधी जेवलात?"

मामा म्हणाले, "घास तोंडात फिरत राहतो बाई. खाली उतरतच नाही. बातमी आल्यापासून असं झालंय." मग त्यांनी विचारले, "तुम्ही कशा खाता?"

"मी थांबू कशी, ते मला सांगा," बाई म्हणाल्या.

दोघेही हसले. ते हसणे मला आवडले, कारण बऱ्याच दिवसांत त्या विभागात ऐकलेले ते पहिले खरे हसणे होते. पण लगेच मामांनी हात जोडले. हे कुणाला सांगू नका, म्हणाले. मामा चक्कर येऊन पडतात असे साहेबांच्या कानावर गेले, तर काढायच्या माणसांत आपले नाव पहिले लागेल. घरीही काही माहीत नाही. मामींना वाटते, मी इथे डबा संपवतो. बाईंना हे पटले नाही. डॉक्टरांकडे चला, म्हणून त्या मागे लागल्या. मामा हंगाम संपू दे म्हणत राहिले. शेवटी बाईंनी एवढेच कबूल करून घेतले, की त्या शेजारी उभ्या असल्याशिवाय मामा मशीनला हात लावणार नाहीत. वाया गेलेली चळत त्यांनी रद्दीत घातली आणि पट्टी सरकली होती असे वर सांगितले. दुसऱ्या दिवसापासून त्या आपली मुद्रिते घेऊन खालीच बसू लागल्या. लोकांनी चेष्टा केली, की बाई जिना चढायचाही कंटाळा करायला लागल्या.

हंगाम सरला. शेवटची गाडी पुस्तके घेऊन गेली आणि बक्षिसाचा दिवस आला. घरची माणसे आली होती. टेबलावर स्वच्छ कापड अंथरले होते आणि त्यावर रिबिन बांधलेली फळांची मोठी टोपली होती. मला मधोमध उभे केले होते. मामा शेवटचे वजन द्यायला चढले, काटा कुठवर आला ते साहेबांनी मोठ्याने वाचले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब म्हणाले, निर्धार कसा असावा हे आपण मामांकडून शिकावे. त्यांनी टोपली मामांच्या हातात दिली. बारीकबाई टाळ्या वाजवत नव्हत्या, पण त्यांना कुणी पाहत नव्हते.

मग साहेबांनी मामींना दोन शब्द बोलायला सांगितले. मामी साध्या, बुजऱ्या बाई. त्या सरळ बाजारातून आल्या होत्या आणि मामांचा दुपारचा डबा त्यांनी सोबतच आणला होता. तो पिशवीसकट छातीशी धरून त्या उभ्या राहिल्या.

"मी काय बोलणार? तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत," त्या म्हणाल्या. "घरी तर यांच्या पोटात अन्नाचा कण जात नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. तुम्ही इथे दुपारी आग्रहाने जेवायला बसवता, डबा पुसून रिकामा येतो, म्हणून माझ्या जिवाला आधार आहे."

टाळ्यांसाठी वर आलेले हात तसेच राहिले. टेबलाभोवतीचे सगळे एकमेकांकडे बघू लागले, कारण मामा सकाळी घरून भरपेट खाऊन येतात, हे प्रत्येकाने इतके दिवस त्यांच्याच तोंडून ऐकले होते. ड्रायव्हरने मान खाली घातली. मामींच्या लक्षात काय आले कोण जाणे, त्यांनी हळूच विचारले, "म्हणजे? हे इथे जेवत नाहीत?"

मामांनी टोपली खाली ठेवली. बारीकबाई पुढे आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "साहेब, हा निर्धार नाही. हा धसका आहे. आता हो की नाही ते सांगून टाका. काहीही असू दे, पण सांगा. तुमच्या 'ठरलेलं नाही'पायी या माणसाचे हात मशीनमध्ये जाता जाता वाचलेत."

साहेब चष्मा काढून पुसू लागले. मग पुसायचे थांबले. ते टेबलाच्या कडेवर बसले आणि त्यांनी सांगितले. निर्णय झाला होता. हंगाम संपेपर्यंत काम थांबू नये म्हणून वरून त्यांना गप्प राहायला सांगितले होते. बांधणी आणि कटिंग बंद होणार. मुद्रिते तपासायला बाई राहणार. बाकीच्यांतले दोघे कागदाच्या गोदामात घेणार. त्यांनाही रात्र रात्र झोप नव्हती, असे ते म्हणाले, आणि मला ते खरे वाटले.

"माझं नाव जाणाऱ्यांत आहे ना?" मामांनी विचारले.

"आहे, मामा."

मामांनी मान हलवली. ते काही वेळ मशीनकडे बघत उभे होते. मला वाटले, आता हे कोसळतात की काय. बाईंनाही तसेच वाटले असावे, कारण त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मामा त्या खुर्चीवर बसले. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि त्यांचे खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी ते खांदे मला जागेवर दिसले. मग त्यांनी बाह्या दुमडल्या आणि मामींकडे बघून विचारले, "डब्यात काय आहे?"

मामींना आधी कळलेच नाही. मग त्यांनी घाईघाईने झाकण काढले. उकडलेली अंडी होती, बटाटे होते, पाव होता. मामांनी पावाचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. सगळा विभाग श्वास रोखून त्या एका घासाकडे बघत होता. घास बराच वेळ फिरला. आणि उतरला. मामांनी दुसरा तुकडा मोडला, तेव्हा मामी तोंडाला पदर लावून रडू लागल्या. नोकरी गेल्याची बातमी त्यांनी नुकतीच ऐकली होती, तरी त्या रडण्यात काळजी नव्हती, हे मी खात्रीने सांगू शकतो.

डबा काही मामांनी संपवला नाही. अर्धा खाऊन दमले. दुसऱ्या दिवशी बारीकबाई आणि मामी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. अंग पूर्वीसारखे भरायला बराच काळ गेला म्हणतात. पुढे एका छोट्या बांधणीवाल्याकडे त्यांना काम मिळाले, पगार कमी, पण सरळ बोलणारा मालक. बारीकबाई अजून इथेच आहेत. त्या काही बारीक झालेल्या नाहीत. मात्र आता बिस्किटे टेबलाशी बसून, चहात बुडवून, चार माणसांत गप्पा मारत खातात, आणि कधी कधी पुड्यात दोन-चार उरतातही. कटिंग विभागात आता जेवणाचे टेबल तेवढे राहिले आहे. मशीन कंत्राटदाराने नेले. मला न्यायला कुणी आलेले नाही.

तेव्हा मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला तेल घाला न घाला, माझी काच पुसा न पुसा. पण तुमच्या घरात, वर्गात कुणी एकाएकी रोडावले, तर लगेच शाबासकी देऊ नका. कुणी एकाएकी जाड झाले, तर लगेच हसू नका. माझा काटा आकडा दाखवून थांबतो. त्याच्या पुढचे काम माणसाचे आहे. त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "आज जेवलास का?" तो हो म्हणाला, तरी लगेच उठू नका.